दोष कोणाचा?

एखादा मुलगा चौदाव्या वर्षी शाळा सोडतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरीची खूण पडत राहते आणि मग एके दिवशी नावच गळते. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी कोणी सहज विचारले, 'किती शिकलात?', तर तो क्षणभर खाली पाहतो आणि म्हणतो, 'माझंच लक्ष नव्हतं अभ्यासात.' त्याच वयाची एखादी स्त्री म्हणते, 'माझ्या नशिबातच नव्हतं.' या दोन उत्तरांत सारा हिशेब संपतो. एक उत्तर दोष स्वतःकडे घेते, दुसरे तो दैवाच्या माथी मारते. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, वडिलांची गिरणी बंद झाली होती, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात दुसरे कोणी नव्हते, पुढच्या इयत्तेची शाळा दोन कोसांवर होती, या गोष्टी आठवत नाहीत असे नाही. परंतु त्या कारण म्हणून सांगण्याचे धैर्य होत नाही. सांगितल्या तर ऐकणारा त्यांना सबब म्हणेल, अशी भीती वाटते.

अशा माणसाच्या हाती पुढे कधीतरी समाजशास्त्राचे पुस्तक येते. पहिल्याच प्रकरणात परक्या देशांतील विद्वानांची नावे भेटतात. कॉम्त, मार्क्स, दरखाइम, वेबर. उच्चारताना जीभ अडखळते. जन्मसाल, ग्रंथांची नावे, सिद्धांताचे चार मुद्दे असे सारे परीक्षेपुरते पाठ करावे आणि विसरून जावे, असे वाटू लागते. पण थोडे थांबून पाहिले तर ध्यानात येते, की या विद्वानांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो प्रश्न वाचकाच्या मनातलाच आहे. माणसाच्या वाट्याला जे येते, त्यात त्याचे स्वतःचे किती आणि तो ज्या समाजात जन्मला, वाढला त्या समाजाचे किती?

प्रश्न जुना आहे. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात तो नव्याने विचारण्याची वेळ आली. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि शतकानुशतके अढळ वाटणारे सिंहासन कोसळले. इंग्लंडमध्ये वाफेच्या यंत्रांवर कापडाच्या गिरण्या धडधडू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहिलेली कुटुंबे शहराच्या कोंदट वस्त्यांत येऊन पडली. 'परमेश्वराची इच्छा' किंवा 'राजाची मर्जी' ही पूर्वीची उत्तरे आता पुरेशी वाटेनात.

ऑगस्ट कॉम्त या फ्रेंच विचारवंताचा जन्म १७९८ चा. आकाशातील ग्रहांच्या गतीत जर नियम सापडतात, तर माणसांच्या एकत्र राहण्यातही ते सापडले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. या अभ्यासाला 'सोशिऑलॉजी' हे अर्धे लॅटिन आणि अर्धे ग्रीक नाव त्यांनीच १८३९ च्या सुमारास रूढ केले. मराठीत आपण त्याला समाजशास्त्र म्हणतो. या शास्त्राचे नामकरण करणाऱ्या विद्वानाजवळ पदवी नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही. पॅरिसच्या ज्या नामवंत संस्थेत ते शिकत होते, ती १८१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या असंतोषामुळे सरकारने बंद केली आणि सर्वांना घरी पाठवले. कॉम्त यांचे शिक्षण तेथेच तुटले. पुढे खासगी शिकवण्या करून ते गुजराण करीत. १८२६ मध्ये त्यांनी राहत्या घरी व्याख्यानमाला सुरू केली. तीन व्याख्याने झाली आणि मानसिक आजाराने त्यांना गाठले. १८२९ मध्ये त्यांनी तीच व्याख्यानमाला पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

कॉम्त यांचा सहा खंडांचा अवघड ग्रंथ इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवला तो हॅरिएट मार्टिनो या बाईंनी. १८५३ मध्ये त्यांनी त्याचा सार दोन खंडांत आणला आणि तो स्वतः कॉम्त यांनाही पसंत पडला. मार्टिनो यांचा जन्म १८०२ चा, इंग्लंडमधील नॉरिच गावचा. त्या काळी इंग्लंडमधील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. तरुणपणीच त्यांना ऐकू येईनासे झाले. कर्णा कानाला लावून त्या समोरच्याचे बोलणे ऐकत. १८२९ मध्ये घरचा कापडाचा व्यवसाय बुडाला, तेव्हा शिवणकाम आणि लेखन यांवर त्यांनी पोट भरले. १८३४ ते १८३६ या काळात त्या अमेरिकेत हिंडल्या. समाजाचे निरीक्षण कसे करावे, यावर त्यांनी १८३८ मध्ये एक पुस्तक लिहिले. लोक स्वतःविषयी काय सांगतात तेवढ्यावर विसंबू नये. त्यांचे तुरुंग, त्यांच्या शाळा, त्यांची स्मशाने, त्यांचे बाजार आधी पाहावेत आणि मग त्यांचे बोलणे ऐकावे, अशी त्यांची रीत होती. सर्व माणसे समान आहेत असे जाहीर करणाऱ्या देशात गुलामांचा बाजार भरतो आणि स्त्रियांना मत नाही, ही विसंगती त्यांनी याच रीतीने टिपली. गुलामगिरी गुलामांच्या स्वभावातून आलेली नव्हती. कायद्याने आणि व्यवहाराने ती त्यांच्यावर लादली होती.

दोष कोणाचा, या प्रश्नाने तरुण कार्ल मार्क्स यांना अगदी वेगळ्या ठिकाणी गाठले. १८४२ मध्ये ते चोवीस वर्षांचे होते आणि जर्मनीतील कोलोन शहरात एका वृत्तपत्राचे संपादन करीत होते. ऱ्हाइन नदीच्या परिसरातील गोरगरीब पूर्वापार जंगलात जाऊन खाली पडलेल्या वाळक्या फांद्या गोळा करीत. थंडीच्या दिवसांत त्यावर घरची चूल पेटे. आता जंगलांचे मालक म्हणू लागले, की जमिनीवर पडलेले लाकूडही आमचेच आहे. प्रांतिक विधानसभेत लाकूडचोरीच्या कायद्यावर चर्चा झाली आणि फांद्या वेचणे हा चोरीचा गुन्हा ठरवण्याकडे सभासदांचा कल दिसला. कालपर्यंत जी बाई सरपण गोळा करीत होती, ती आज चोर ठरणार होती. तिच्या हातून नवे काहीच घडले नव्हते. बदलला होता तो मालकीचा अर्थ.

मार्क्स यांनी या चर्चेवर लेखमाला लिहिली. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाला पहिल्यांदाच जाणवले, की कायद्याच्या पुस्तकाबाहेर जाऊन लोकांच्या पोटापाण्याचा अभ्यास केल्याशिवाय कायदाही समजणार नाही. याच प्रकरणाने आपल्याला अर्थव्यवहाराच्या प्रश्नांकडे वळवले, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. १८४३ मध्ये सरकारने ते वृत्तपत्र बंद पाडले. देशोदेशी भटकत मार्क्स १८४९ मध्ये लंडनला पोहोचले.

लंडनमधील दिवस दारिद्र्याचे होते. सोहो भागातील लहानशा बिऱ्हाडात राहत असताना, पाच-सहा वर्षांच्या अवधीत, त्यांची तीन मुले दगावली. १८५२ मध्ये धाकटी मुलगी गेली, तेव्हा शवपेटीला पैसे नव्हते. शेजारी राहणाऱ्या एका फ्रेंच निर्वासिताने दोन पौंड दिले तेव्हा तिला मूठमाती मिळाली. याच वर्षांत मार्क्स ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून सरकारी कारखाना निरीक्षकांचे अहवाल वाचीत होते. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅपिटल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्या अहवालांतील किती तरी माणसे आली आहेत. त्याच खंडात लंडनच्या एका शिवणगृहातील वीस वर्षांची मुलगीही आहे. १८६३ मध्ये श्रीमंत स्त्रियांचे मेजवानीचे पोशाख वेळेवर पुरे व्हावेत म्हणून तिला सलग साडेसव्वीस तास काम करावे लागले आणि त्यातच तिचा अंत झाला. मालकीण मनाने दुष्ट होती की भली, हा मार्क्स यांच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता. स्पर्धेच्या बाजारात टिकायचे असेल तर भल्या मालकालाही कामाचे तास वाढवावे लागतात. दोष व्यक्तीच्या काळजात शोधण्याऐवजी तो उत्पादनाच्या रचनेत शोधावा, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. त्यांच्या साऱ्या राजकीय निष्कर्षांशी वाचकाने सहमत व्हावे, असे नाही. पण सरपण वेचणारी बाई आणि शिवणकाम करणारी मुलगी यांच्याकडे पाहण्याची ती दृष्टी एकदा आली, की सहसा पुसली जात नाही.

एमिल दरखाइम यांचा स्वभाव आणि मार्ग दोन्ही निराळे. १८५८ मध्ये फ्रान्समधील एपिनाल या गावी एका ज्यू धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांची गादी मुलाने चालवावी, अशी घराची अपेक्षा होती. दरखाइम यांनी शिक्षकी पेशा निवडला. पॅरिसमधील उच्च शिक्षणसंस्थेच्या प्रवेशपरीक्षेत ते दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या खेपेला, १८७९ मध्ये, उत्तीर्ण झाले. १८८७ पासून बोर्दो येथील विद्यापीठात ते शाळामास्तरांना शिक्षणशास्त्र शिकवू लागले आणि त्याच्या जोडीने समाजशास्त्राचे वर्ग घेऊ लागले.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा एक जिवलग सहाध्यायी खिडकीतून पडून मरण पावला होता. त्याने स्वतःच जीवन संपवले असावे, असे दरखाइम यांच्या चरित्रकारांना वाटते. दरखाइम यांनी त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, 'आत्महत्या' या विषयावरील त्यांचा ग्रंथ बाहेर आला. या ग्रंथात त्या मित्राचा उल्लेख नाही. आहेत ते आकडे, तक्ते आणि नकाशे. दरखाइम यांचा पुतण्यासारखा लाडका भाचा मार्सेल मोस याने न्यायखात्याच्या दप्तरातील सुमारे २६,००० प्रकरणे एकेक करून पाहिली आणि वय, स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित, मुले आहेत की नाहीत, अशा क्रमाने ती लावून दिली. त्या दप्तराची दारे उघडून दिली गाब्रिएल तार्द यांनी. ते त्या खात्याच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. समाज हा अनुकरणातून घडतो, हा तार्द यांचा सिद्धांत. याच ग्रंथात दरखाइम यांनी एक संपूर्ण प्रकरण त्या सिद्धांताच्या खंडनासाठी खर्ची घातले, आणि प्रस्तावनेत तार्द यांचे आभारही मानले.

जगात याहून अधिक एकांतातली, अधिक खासगी गोष्ट दुसरी कोणती असेल? आणि तरीही आकडे निराळेच काही सांगत होते. प्रत्येक देशात अशा मृत्यूंचे प्रमाण वर्षामागून वर्षे जवळपास तेवढेच राहत होते. मरणारी माणसे दरवर्षी वेगळी, त्यांची दुःखे वेगळी, तरी प्रमाण तेच. अविवाहितांत ते विवाहितांपेक्षा जास्त होते, आणि ज्या घरांत माणसे अधिक, तेथे कमी होते. आर्थिक मंदी आली की ते वाढे. आणि आश्चर्य असे, की अचानक भरभराट आली तरीही वाढे. दरखाइम यांनी निष्कर्ष काढला, की माणसाला माणसांशी बांधणारे धागे सैल झाले की तो एकटा पडतो, आणि जगण्याचे जुने नियम मोडून नवे तयार झालेले नसतात तेव्हा त्याच्या इच्छांना काठच उरत नाही. या दुसऱ्या अवस्थेला त्यांनी 'अनोमी' म्हटले. मराठीत तिला प्रमाणकशून्यता म्हणतात. दरखाइम यांच्या आकडेवारीत त्रुटी होत्या, काही समाजांत असे मृत्यू लपवले जात, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही मूळ गोष्ट टिकून राहिली. ज्या दुःखाला लोक दुबळेपणा म्हणत किंवा पाप समजत, त्या दुःखात भोवतालच्या समाजाचाही वाटा असतो, हे त्यांनी मोजून दाखवले. आणि जेथे वाटा आहे तेथे जबाबदारीही आहे. एकटे पडलेल्या माणसाला जोडून घेणे हे समाजाचे काम ठरते.

मॅक्स वेबर यांचा जन्म १८६४ चा, जर्मनीतील एर्फुर्ट येथला. वडील राजकारणातले वजनदार गृहस्थ, आई कमालीची धर्मनिष्ठ. तिशीच्या आतच वेबर प्राध्यापक झाले. ते रात्रंदिवस काम करीत. १८९७ च्या उन्हाळ्यात, आईला मिळणाऱ्या वागणुकीवरून त्यांचा वडिलांशी कडाक्याचा वाद झाला. पितापुत्रांचा समेट होण्यापूर्वीच, काही आठवड्यांत, वडील वारले. त्यानंतर वेबर यांचे मन कोसळले. झोप नाहीशी झाली, वाचन अशक्य झाले, विद्यार्थ्यांसमोर उभे राहून बोलता येईना. अखेर १९०३ मध्ये त्यांनी हायडेलबर्ग येथील अध्यापनाचे पद सोडले. तेव्हा ते अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते.

त्यानंतर, १९०४ आणि १९०५ मध्ये, त्यांनी जो दीर्घ निबंध लिहिला, त्याचा विषय होता: माणूस गरज भागल्यावरही काम का करीत राहतो? विश्रांतीला तो पाप का समजतो? प्रॉटेस्टंट पंथातील काही शाखांची शिकवण अशी होती, की कोणाचा उद्धार होणार हे ईश्वराने आधीच ठरवलेले आहे आणि माणसाला ते कळणे शक्य नाही. ही अनिश्चितता भाविकाला असह्य होई. मग तो आपल्या व्यवसायातील यशात ईश्वरी कृपेची खूण शोधू लागे. तो अविश्रांत राबे, चैन करीत नसे, आणि साठलेला पैसा पुन्हा धंद्यात घाली. आधुनिक भांडवलशाहीला लागणारी मनोवृत्ती घडण्यास याचा हातभार लागला, असे वेबर यांनी मांडले. पुढे धर्मश्रद्धा ओसरली, राबण्याची सक्ती मात्र राहिली, आणि जो भार भाविकाने स्वेच्छेने खांद्यावर घेतला होता, तो पुढच्या पिढ्यांसाठी पोलादी पिंजरा झाला. काम न करता येण्याची लाज ज्याने पाच-सहा वर्षे भोगली, त्याने त्या लाजेचा उगम शोधत इतिहासात तीनशे वर्षे मागे जावे, हे वेबर यांचे वैशिष्ट्य.

मात्र वेबर येथे थांबले नाहीत. समाजातील माणसांकडे केवळ आकडे म्हणून पाहू नये. माणूस जे करतो त्याला त्याच्या दृष्टीने काही अर्थ असतो आणि तो अर्थ समजून घेणे हे अभ्यासकाचे पहिले काम, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी आणखी एक मर्यादा आखून दिली. नोव्हेंबर १९१७ मध्ये म्युनिक येथे तरुण विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी बजावले, की शास्त्र परिस्थिती स्पष्ट करील, अमुक मार्गाने गेल्यास काय परिणाम होतील तेही सांगेल. पण कसे जगावे याचा निर्णय शास्त्र करून देणार नाही. तो ज्याचा त्यानेच करायचा असतो. 'सारा दोष समाजाचा' असे म्हणून हात झटकू पाहणाऱ्याला वेबर तशी मोकळीक देत नाहीत.

या साऱ्या विचारांची कसोटी पाहणारे एक साल आहे, १९१६. युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले होते. दरखाइम यांचा मुलगा आंद्रे हा भाषाशास्त्राचा हुशार अभ्यासक होता आणि वडिलांच्या शिष्यवर्गातही त्याला स्थान होते. डिसेंबर १९१५ मध्ये तो बाल्कन आघाडीवर जखमी होऊन मरण पावला. घरी आधी तो बेपत्ता असल्याचे कळले, आणि १९१६ च्या वसंत ऋतूत मृत्यूची खात्री पटली. चारच वर्षांपूर्वी, १९१२ मध्ये, दरखाइम यांनी धर्मावरील आपल्या ग्रंथात शोकविधींविषयी लिहिले होते. माणसे एकत्र येऊन रडतात, ती नुसती प्रत्येकाची खासगी वेदना नसते. समूहाने नेमून दिलेले ते कर्तव्य असते आणि त्यातूनच खचलेला समूह पुन्हा उभा राहतो, असे त्यांचे विवेचन होते. स्वतःवर प्रसंग आला तेव्हा मात्र ते कोणाजवळ फारसे बोलले नाहीत. त्यांनी मुलाचा मृत्युलेख लिहिला आणि ते कामाला लागले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुःखाचे सामाजिक स्वरूप ज्याने जगाला समजावून सांगितले, त्याचे स्वतःचे दुःख त्या ज्ञानाने हलके झाले नाही. हे सत्य लपवण्यात अर्थ नाही. समाजशास्त्र हे दुःखावरचे औषध नव्हे.

त्याच १९१६ मध्ये वेबर यांचे हिंदू धर्म आणि जातिव्यवस्था यांवरील लेख प्रसिद्ध होऊ लागले. वेबर भारतात कधी आले नव्हते. ग्रंथ आणि जनगणनेचे अहवाल यांच्या आधारे ते लिहीत होते. आणि त्याच वर्षी, ९ मे रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये तेथे गेले होते. लहानपणी शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले होते. जात ही त्यांच्यासाठी केवळ पुस्तकातली गोष्ट नव्हती.

त्या निबंधात स्वतःवरील अन्यायाचा पाढा नाही. प्रश्न आहे तो असा, की जात तयार कशी होते? आंबेडकरांचे उत्तर असे, की जातीबाहेर विवाह करण्याची बंदी हा जातीचा गाभा आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या बंदीच्या रक्षणासाठी आल्या. जात कोणा एका स्मृतिकाराने आज्ञा देऊन निर्माण केली, हे त्यांना मान्य नव्हते, कारण एका माणसाच्या आज्ञेने एवढी व्यवस्था उभी राहत नाही. एका वर्गाने प्रथम आपली दारे लावून घेतली. इतरांपैकी काहींनी त्याचे अनुकरण केले, तर काहींना दारे बंदच आढळली. अनुकरण कसे पसरते हे सांगताना आंबेडकरांनी आधार घेतला तो गाब्रिएल तार्द यांचा. ज्यांनी दरखाइम यांना दप्तर उघडून दिले आणि ज्यांचे मत दरखाइम यांनी खोडले, तेच हे तार्द. पॅरिसमधील वादात मागे पडलेला विचार न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय तरुणाच्या उपयोगी पडला. ज्या गोष्टीला लोक पूर्वजन्मीचे कर्म म्हणत, ती माणसांनी घडवलेली आहे, हे त्याने दाखवले. आणि जे माणसांनी घडवले, ते माणसांना बदलता येते. पुढील चाळीस वर्षे त्यांनी जे कार्य केले, त्याच्या मुळाशी ही जाणीव होती.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पॅट्रिक गेडीस त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्यामागून आलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. युरोपात जन्मलेले हे शास्त्र अशा रीतीने भारतातील शेते, चाळी आणि वाड्या पाहू लागले.

आता पुन्हा त्या पहिल्या माणसाकडे वळावे. चाळिशीतील एखादी स्त्री दिवसभराची कामे उरकून रात्री पुस्तक उघडते. ती सुरतेत असेल, इंदुरात असेल किंवा बेळगावात. अभ्यासाची सवय मोडलेली असते. एक पान दोनदा वाचावे लागते. दरखाइम यांचे प्रकरण वाचताना तिला शाळेतला वर्ग आठवतो. तिच्याबरोबर पाचवीत तीस-पस्तीस मुली होत्या. दहावीला पोहोचल्या त्या सात-आठ. साऱ्याच मुलींचे लक्ष एकदमच कसे उडाले असेल? प्रत्येकीचे नशीब नेमके त्याच तीन-चार वर्षांत कसे फिरले असेल? हे प्रश्न तिला पूर्वी कधी पडले नव्हते, कारण ती आजवर केवळ स्वतःकडेच पाहत होती. आता ती त्या इतर मुलींकडेही पाहते, त्यांच्या घरांकडे पाहते, गावच्या रस्त्याकडे पाहते.

या जाणिवेने गेलेली वर्षे परत येत नाहीत. दरखाइम यांना पुत्रशोकात त्यांच्या विद्येने तारले नाही, तसे तिलाही ही विद्या गमावलेले बालपण देणार नाही. पण इतकी वर्षे उराशी बाळगलेली लाज आता तेवढी जड राहत नाही. आणि लाज उतरली की जबाबदारी अधिक स्वच्छ दिसते. शाळा सुटली तो निर्णय तिचा नव्हता. आज पुन्हा पुस्तक उघडण्याचा निर्णय मात्र तिचा आहे, आणि धाकटी मुलगी शाळेत टिकावी म्हणून काय करायचे, हेही तिलाच ठरवायचे आहे. हा भेद समजणे हेच या अवघड नावांच्या विद्वानांकडून घ्यायचे पहिले शिक्षण.

कधीतरी ती धाकटी मुलगी विचारते, 'आई, तू शाळा का सोडलीस?' आई पूर्वीसारखी खाली पाहत नाही. पुस्तकात बोट ठेवून ती सांगू लागते, 'त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आठवीची शाळा लांब होती, आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली त्याच वर्षी घरी बसल्या...' मुलगी जवळ सरकून बसते आणि ऐकू लागते.